उनपदेवाचं गरम पाणी आणि ग्रॅव्हिटी सर्व्हे

चोपडा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलंय: "उनपदेवाला गोमुखातून गरम पाणी पडतं. आमच्याकडे एक जण येऊन सांगून गेला की ग्रॅव्हिटी सर्व्हे केला की जमिनीखाली उष्णता कुठे आहे ते नकाशावर दिसतं. मग तिथे बोअर मारायचं आणि वीज काढायची. गावाने वर्गणी काढून हा सर्व्हे करावा का?"

भाऊ, आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. ग्रॅव्हिटीच्या यंत्राला उष्णता दिसत नाही, पाणीही दिसत नाही. त्याला दिसतं फक्त वजन: खाली जड खडक आहे की हलका. त्या माणसाने सांगितलंय त्या कारणासाठी वर्गणी काढू नका. पण सर्व्हे निरुपयोगी आहे असंही नाही. मी पंचवीस वर्षं हे यंत्र जीपमध्ये मांडीवर घेऊन सातपुड्याच्या पायथ्याने हिंडलोय, आणि त्यावर एकदा सपशेल तोंडघशीही पडलोय. तेही सांगतो.

गरम पाणी यंत्राला का दिसत नाही, याचा हिशेब सोपा आहे. १०० अंशांचं पाणी गार पाण्यापेक्षा जेमतेम चार टक्के हलकं असतं. खडकात पोकळी दहा टक्के धरली, तरी त्या खडकाची घनता पाण्याच्या गरमपणामुळे ०.००४ ने कमी होते. असा खडक ५०० मीटर जाडीचा असला, तर वर फरक पडतो ०.०८ मिलिगॅल. आता मिलिगॅल म्हणजे किती? पृथ्वी आपल्याला खाली ओढते ते आपल्याकडे ९ लाख ७८ हजार मिलिगॅलच्या घरात. त्यात आठ शतांश शोधायचे! चांगलं यंत्र तेवढं मोजतं, हे खरं. पण सहा मीटर व्यासाच्या, वीस मीटर खोल विहिरीच्या कडेपासून दोन मीटरवर यंत्र ठेवलं, तर विहिरीतून काढलेल्या मातीमुळेच वाचन साधारण ०.०५ ने घसरतं. तुमच्या शिवारात विहिरी किती आहेत ते तुम्हीच मोजा.

मग जगभर भूऔष्णिक शोधात ग्रॅव्हिटी का वापरतात? कारण उष्णता वर येण्यासाठी वाट लागते, आणि वाटेचा माग वजनावरून काढता येतो.

इथे एक गैरसमज आधी काढायला हवा. आपल्याकडचा काळा पाषाण लाव्ह्याचा आहे, म्हणून खाली अजून निखारा असेल असं बऱ्याच जणांना वाटतं, शिकलेल्यांनाही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच गार झाला. कॅलिफोर्नियातल्या गायझर्स या भूऔष्णिक क्षेत्रात ग्रॅव्हिटीच्या नकाशावर मोठा खळगा, म्हणजे वाचन कमी असलेली जागा, दिसतो आणि तो खालच्या अर्धवट वितळलेल्या खडकाचा असावा, असा अर्थ १९७०च्या दशकात लावला गेला. तसं खानदेशात काही नाही. आपलं गरम पाणी म्हणजे मुळात पावसाचंच पाणी. ते भेगांतून किलोमीटर-दोन किलोमीटर खाली जातं. जमीन किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापत जाते, त्या उबेने ते गरम होतं आणि दुसऱ्या भेगेने झपाट्याने वर येतं. सावकाश आलं असतं तर वाटेतच निवलं असतं. म्हणजे शोधायची ती ही भेग, मोठी आणि उघडी.

ती कुठे असेल याचा अंदाज नकाशा बघूनच येतो. तापीचं खोरं आणि सातपुडा यांच्या मधली सीमा सरळ रेषेत का धावते? कारण ती भ्रंशाची, म्हणजे खडक तुटून सरकल्याची, रेषा आहे. नर्मदा-सोन-तापी हा भारताच्या पोटावरचा जुना शिवणीचा पट्टा आहे. १९३८चा सातपुड्याचा भूकंप आणि १९९७चा जबलपूरचा भूकंप याच पट्ट्यातले. तुमचं उनपदेव, शेजारचं सुनपदेव, तिकडे शहादा तालुक्यातलं दुसरं उनपदेव, पूर्वेला अमरावती जिल्ह्यातलं सालबर्डी, हे सगळे झरे डोंगराच्या कुशीत ओळीने बसलेत, ते उगाच नाही.

अडचण अशी की डोंगराच्या पायथ्याशी भ्रंश डोळ्यांना दिसत नाही. वरून बझाडा, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या गोटे-वाळूचा थर, आणि पुढे तापीचा गाळ. तुमच्या केळीच्या पट्ट्यात कित्येक ठिकाणी शेकडो फूट दगडच लागत नाही. या गाळाखाली खडक कुठे पायरीसारखा खचलाय, ते ग्रॅव्हिटी दाखवते, कारण गाळाची घनता २ च्या आसपास आणि कठीण बेसाल्टची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची, २.९. एवढा फरक असला की पायरीवरून जाताना वाचन उतारासारखं झपकन खाली येतं. तो उतार जिथे सगळ्यात तीव्र, साधारण तिथेच भ्रंश. अमेरिकेत नेवाडामध्ये गाळाने भरलेल्या खोऱ्यांच्या कडा अशाच शोधतात. आपली रचना त्यांच्याशी जुळते, गायझर्सशी नाही.

आता हे काम शेतात कसं चालतं ते सांगतो, म्हणजे उद्या कोणी आलंच तर त्याचं काम कसं चाललंय ते तुम्हाला बांधावरून ओळखता येईल.

यंत्र पाण्याच्या छोट्या जारएवढं असतं. आत स्प्रिंगला टांगलेलं एक बारीक वजन; ओढ वाढली की ते कणभर खाली जातं, बस. तिपाईवर ठेवायचं, बुडबुडा मधोमध आणायचा आणि हात काढून घ्यायचा. एप्रिलमध्ये आम्ही हे काम पहाटे साडेपाचला सुरू करून दहाला बंद करायचो. त्यानंतर वारा सुटतो, जमिनीवरून वाफा निघतात, आकडा स्थिर राहत नाही. एकदा अनेरच्या बाजूला एका देवळाच्या ओट्यावर यंत्र लावलं होतं. एक जण छत्री धरून उभा. आकडा शेवटच्या घरात हलत राहिला, थांबेचना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग लक्षात आलं की ओट्यामागच्या पिंपळाला वारा लागतोय आणि त्याची मुळं ओट्याखालून गेलीत. यंत्र वीस पावलं लांब उघड्या मुरमावर नेलं, एका मिनिटात आकडा बसला. तेवढ्यात बकऱ्या घेऊन एक पोरगा आला, म्हणाला, "काका, यानामा काय दिखस?" काही दिसत नाही म्हटलं तर त्याला पटेना. त्याने खाली वाकून यंत्राच्या बुडाशीही पाहून घेतलं.

रोज काम सुरू करताना, मधूनमधून आणि संपवताना एकाच ठराविक ठिकाणी, तळठाण्यावर, वाचन घ्यावं लागतं. स्प्रिंग दिवसभरात थोडी सैलावते आणि चंद्र-सूर्याच्या ओढीने जमिनीलाही भरती-ओहोटी असते, ती ०.२ ते ०.३ मिलिगॅलपर्यंत जाते. मधल्या वाचनांतून हे दोन्ही वजा करायचं असतं. जो माणूस सकाळी तळठाण्यावर वाचन घेतो आणि काम संपल्यावर परस्पर घरी जातो, त्याचा त्या दिवसाचा डेटा मी फेकून देईन.

त्याहून मोठी गोष्ट उंचीची. एक मीटर वर चढलं की ओढ ०.३०८६ मिलिगॅलने कमी होते. मधल्या खडकाच्या थराचा परिणाम धरला तरी निव्वळ ०.२ उरतो. म्हणजे उंचीत वीतभर चूक झाली की ०.०४ ची चूक. मोबाइलच्या जीपीएसवर उंची घेऊन ग्रॅव्हिटी करणारे लोक मी पाहिलेत. त्याची चूक पाच-दहा मीटरची, म्हणजे एक ते दोन मिलिगॅलची. मग नकाशावर सुंदर रंगीत गोल उमटतात आणि त्यांना 'हॉट झोन' असं नाव पडतं. दोन रिसीव्हरचं अचूक जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा आणि उंची काढणारं यंत्र) किंवा ऑटोलेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) याशिवाय हे काम होत नाही. उत्तर-दक्षिण अंतराचाही हिशेब असतो: आपल्या अक्षांशावर उत्तरेला एक किलोमीटर गेलं की ओढ अर्ध्या मिलिगॅलने वाढते. हे मात्र संगणक करून टाकतो, त्यात फारसं कोणी चुकत नाही.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते घनतेत, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी ही चूक महागात पडते. डोंगराचं वजन वजा करताना पाठ्यपुस्तकातली २.६७ ही घनता घ्यायची सवय असते. ती ग्रॅनाइटच्या मुलखाची सरासरी. आपला डोंगर बेसाल्टचा. ५०० मीटर उंचीच्या फरकाला २.९ ऐवजी २.६७ घेतली, तर डोंगर आणि पायथा यांच्यात पावणेपाच मिलिगॅलचा खोटा फरक तयार होतो. खोटी पायरी, तीही नेमकी भ्रंश असायला हवा तिथेच! बघणाऱ्याला वाटतं, वा, भ्रंश सापडला.

यावर एक जुनी युक्ती आहे: वेगवेगळ्या घनता घेऊन बघायचं आणि ज्या घनतेला नकाशावर डोंगराची सावली उरत नाही ती निवडायची. पण ती इथे फसवते, कारण आपला डोंगराचा कडा हाच मुळी भ्रंशाने झालाय. कड्याची सावली पुसायला जाल तर भ्रंशही पुसला जाईल. म्हणून मी भ्रंशापासून लांबची, ट्रॅपमधलीच (दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांतलीच) एखादी सुटी टेकडी निवडतो आणि तिच्यावर ही युक्ती करतो.

शिवाय दगड गोळा करतो. ही गोष्ट तुम्ही घरीही करू शकता. वाण्याचा काटा आणि एक बादली घ्या. दगड दोऱ्याने काट्याला टांगून कोरडं वजन करा, मग पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला टेकू न देता, पुन्हा वजन करा. माझ्या वहीत काळ्या पाषाणाचा एक तुकडा आहे: हवेत ५८० ग्रॅम, पाण्यात ३८० ग्रॅम. फरक २००. ५८० भागिले २००, घनता २.९. त्याच नाल्यातला मांजऱ्या, पांढऱ्या दाण्यांचा, हवेत ५०० आणि पाण्यात ३००: घनता २.५. एकाच लाव्ह्याचे दोन थर, आणि एवढा फरक. विहीर खोदणाऱ्यांना हे हाताला कळतं, कारण मांजऱ्याची पाटी त्यांना हलकी लागते.

आता माझ्या फजितीबद्दल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका खासगी सल्लागाराकडे काम करत असताना आम्ही डोंगरापासून तापीकडे एक रेघ ओढली, दर अडीचशे मीटरला एक वाचन. मधोमध आठ-साडेआठ मिलिगॅलचा छान खळगा आला. मला माहीत होतं की राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने सेंधव्यावरून आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या सिंदाडपर्यंत खोल भूकंपलहरींची रेषा घेतली होती आणि ट्रॅपच्या खाली जुने गाळाचे खडक दडलेत असं त्या कामातून सुचवलं गेलं होतं. माझ्या डोक्यात तेच. मी लिहिलं: ट्रॅपखाली ५०० मीटर जाडीचा वालुकाश्म, घनतेचा फरक ०.४, म्हणजे ८.४ मिलिगॅल. जमलं की! खाली सच्छिद्र वालुकाश्म, वर ट्रॅपचं झाकण, गरम पाण्याचं टाकंच म्हणा. अहवाल रंगीत छापला.

तिथल्या बोअरच्या गाडीवाल्याला नकाशा दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, या पट्ट्यात आठशे फुटांपर्यंत नुसती पिवळी माती आणि वाळू. आमच्या गाडीला इथे दगड माहीतच नाही." आठशे फूट म्हणजे जवळजवळ २५० मीटर. गाळ आणि बेसाल्ट यांच्यातला फरक ०.८ घ्या. २५० गुणिले ०.८ म्हणजे २००. आणि ५०० गुणिले ०.४ म्हणजेही २००. दोन्हींचं उत्तर ८.४ मिलिगॅल, अगदी तंतोतंत. माझं गरम पाण्याचं टाकं म्हणजे तापीच्या गाळाने भरलेला खड्डा होता. तो अहवाल मी परत घ्यायला लावला, सल्लागार वर्षभर बोलला नाही.

एकाच वाचनाला अनेक उत्तरं बसतात. हा दोष यंत्राचा नाही, मोजमापाचा स्वभावच तसा आहे. थोडाफार आधार एवढाच की नकाशावरचा अरुंद, टोकदार खळगा खोलवरच्या कारणाने येऊच शकत नाही, त्याचं कारण उथळच असतं. पसरट खळग्याला मात्र उथळ आणि खोल दोन्ही कारणं चालतात. आणि खळगे सगळे चांगले, उंचवटे वाईट असंही नाही. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात गरम क्षेत्रांवर उलट उंचवटे दिसतात, कारण गरम पाण्यातले क्षार गाळाच्या पोकळ्यांत बसून तो घट्ट आणि जड झालाय. जो माणूस नकाशावरच्या खळग्याकडे बोट दाखवून "निळा रंग म्हणजे गरम पाणी" असं सांगेल, त्याला नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्यापेक्षा वेगळं समजू नका. पाणाडे निदान फुकटात चहावर येतात.

सातपुड्यात आणखी एक गुंता आहे. या पट्ट्यात कवचात खोलवर जड खडक घुसल्यामुळे कित्येक किलोमीटरांचा मोठा पसरट उंचवटा आहे. आपल्याला हवी ती छोटी पायरी त्याच्या उतारावर बसलेली. आधी मोठा उतार वजा करावा लागतो, आणि किती वजा करायचा हे बरंचसं करणाऱ्याच्या हातात असतं. जास्त वजा केलं की नसलेले खळगे उगवतात. म्हणून अहवालात मूळ वाचनांचा तक्ता मागा: ठिकाण, उंची, वेळ, वाचन. तक्ता न देणाऱ्याला पैसे देऊ नका. शिवाय धुळे-नंदुरबारकडे पूर्व-ईशान्येकडून पश्चिम-नैऋत्येकडे जाणाऱ्या शेकडो डाइकच्या, म्हणजे भेगांत घुसून थिजलेल्या लाव्ह्याच्या, भिंती आहेत. तिथे ग्रॅव्हिटीसोबत चुंबकीय मोजणी हवीच, कारण डाइक आणि बेसाल्ट वजनाला सारखेच आणि ग्रॅव्हिटीला ते वेगळे कळत नाहीत. रेघा साधारण उत्तर-दक्षिण घ्यायच्या, म्हणजे या सगळ्या रचना आडव्या कापल्या जातात.

तर काय करावं? मी असतो तर ग्रॅव्हिटीने सुरुवातच केली नसती. झऱ्याच्या पाण्याची रासायनिक तपासणी सगळ्यात स्वस्त. पाण्यातली सिलिका आणि सोडियम-पोटॅशियमचं प्रमाण यावरून ते खाली किती अंशांपर्यंत तापून आलं याचा अंदाज बांधता येतो. तो अंदाजच ७०-८० च्या पुढे गेला नाही, तर वीज विसरा. अलास्कात चीना इथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज काढतात, त्याचे दाखले तुम्हाला दिले जातील. पण तिथे गार करायला जेमतेम चार अंशांचं पाणी आहे. वीज गरम आणि गार यांच्या फरकातून येते. मे महिन्यात ४४ अंश असलेल्या चोपड्यात गार पाणी कुठून आणणार? आपल्याकडे शंभराच्या बरंच पुढचं पाणी लागेल.

विजेपेक्षा थेट वापराकडे बघा. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या उघड्यावर पसरलेल्या असतात, अवकाळी आला की लाखोंचा माल काळा पडतो. वाळवणीला ६० अंशांची सुकी हवा पुरते. तेवढ्यासाठी विजेइतकं खोल जावं लागणार नाही.

रसायनाचा अंदाज चांगला आला, तर पुढे ग्रॅव्हिटी आणि चुंबकीय, आणि त्यांच्या जोडीला मॅग्नेटोटेल्युरिक. ती जमिनीत वीज किती सहज वाहते ते मोजते आणि खारट गरम पाण्याला ओळखते. पण तापी-पूर्णेच्या गाळात चिकणमाती आणि पूर्वेकडे खारपाणपट्टाही आहे. तिथे तीही फसते, म्हणून दोन्ही एकमेकांवर ताडून पाहायच्या. त्यानंतर दोन-तीनशे मीटरची दोन बोअर, फक्त तापमान मोजायला. बोअर मारल्यावर निदान काही आठवडे थांबून थर्मामीटर सोडायचा, कारण मारताना वापरलेल्या हवा-पाण्याने खालची खरी उष्णता बिघडलेली असते.

आणि गावाने एक पैसाही न काढता करता येईल असं काम: भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या भूकोश संकेतस्थळावर तुमच्या भागाचे ग्रॅव्हिटी आणि चुंबकीय नकाशे शोधा. त्यातली ठिकाणं लांब लांब असतात, भ्रंश नेमका दाखवणार नाहीत, पण मोठा उतार कळेल. मग गेल्या दहा-पंधरा वर्षांत शिवारात मारलेल्या बोअरच्या नोंदी गोळा करा: किती फुटांवर दगड लागला, माती कोणत्या रंगाची, गेरूचा थर लागला का, मोटर सुरू केल्यावर पाणी कोमट होतं का. गाडीवाल्यांच्या वह्यांत हे असतं, नसलं तर त्यांच्या डोक्यात असतं. चाळीस-पन्नास बोअर नकाशावर टाका आणि दगडाची खोली लिहा. एका ओळीत दोन शेजारच्या बोअरमध्ये ती दोनशे फुटांनी बदलली, तर ते गट नंबर मला कळवा. मी यंत्र घेऊन येतो, डिझेल तेवढं तुमचं.